पहिल्या मालकाचा शब्द

खानदेशात शेतकऱ्याचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरते. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. आणि याच सुमारास जळगाव-धुळ्याकडील गावांतून वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते. ओट्यावर वही उघडली जाते, उचल, खाडे आणि आजारपणात दिलेली रक्कम यांची वजावट होते, आणि हिशेबाची रेघ ओढली की मालक विचारतो, ‘पुढलं साल आपल्याकडेच ना?’ या साध्या प्रश्नात जुन्या मालकाचा पहिला हक्क गृहीत धरलेला असतो. माणसाच्या श्रमावर असा पहिला हक्क कोणाचा आणि किती काळ, हा विचार फार मोठी मजल मारून आजच्या रूपास आला आहे.

इंग्रज अमदानीत १८५९च्या तेराव्या कायद्याने हा हक्क थेट माणसावरच बजावला. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास अथवा मजुरास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, पैसे परत कर किंवा काम पुरे कर असा हुकूम फर्मावावा, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी द्यावी, अशी त्याची तजवीज होती. देणे दिवाणी आणि शिक्षा फौजदारी, हा त्यातला मूळ अन्याय. १९२५ साली तो कायदा रद्द झाला, परंतु बाकी पुढल्या सालात ओढून माणूस अडकवून ठेवण्याची रीत देशात ठिकठिकाणी चालूच राहिली, आणि वेठबिगारी नष्ट करणारा कायदा व्हायला १९७६ साल उजाडावे लागले.

त्याच १९७६ साली अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलमधील अशाच हक्काबद्दलच्या एका दाव्याची तडजोड झाली. करार संपला तरी खेळाडू जुन्या संघाच्याच मालकीचा, या रिवाजाविरुद्ध खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन आणि खेळाडूंची संघटना १९७० साली न्यायालयात गेली होती. तडजोडीनंतर तो रिवाज टप्प्याटप्प्याने मोडला. १९८८च्या करारनाम्याने जुन्याजाणत्या खेळाडूंना पूर्ण मोकळीक दिली, आणि नवोदितांपुरती मधली वाट उरली, तीच ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सी’. पहिला करार संपताना संघाने ठरलेल्या रकमेचा एक वर्षाचा प्रस्ताव आधी पुढे ठेवला, तरच त्याचा हक्क शाबूत राहतो. मग दुसरा संघ लेखी देकार देतो, आणि जुन्या संघाने अल्प मुदतीत तितकीच रक्कम कबूल करावी, नाहीतर खेळाडू सोडावा. खेळाडूने तो एक वर्षाचा प्रस्तावच पत्करून वर्ष काढले, तर त्यानंतर तो पूर्णपणे मोकळा होतो.

येथे विचाराने खरे वळण घेतले, असे मला वाटते. हक्क माणसावरून उठून किमतीवर आला, त्याला मुदत लागली, आणि हक्कदाराला तो बजावण्यासाठी परक्याने लावलेले मोल पदरचे भरावे लागले. तरीही एक दोष उरलाच. आपला देकार जुना धनीच उचलणार असे दिसले, की परका संघ देकार द्यायलाच कचरतो, आणि बाजारभाव ठरण्याआधीच खेळाडूची किंमत दबते. आपल्या आयपीएल क्रिकेटच्या लिलावातील ‘राइट टू मॅच’, म्हणजे लागलेल्या बोलीइतकी रक्कम भरून आपला खेळाडू परत घेण्याचा जुन्या संघाचा हक्क, हा याच घराण्यातला. २०२४च्या अखेरीस जेद्दाह येथे झालेल्या लिलावात, जुन्या संघाने हा हक्क पुकारल्यावर सर्वोच्च बोली लावणाऱ्याला ती आणखी एकदा वाढवण्याची मुभा देण्यात आली, आणि जुन्या संघाला खेळाडू हवा असेल तर ती वाढलेली बोली भरणे भाग पडले. या दोषाला आळा घालणारी ही सुधारणा मी न्याय्य मानतो.

आपल्याकडे आता सालदार मिळणे दुर्घट झाले आहे, आणि म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले आहे. परंतु ज्याच्या नावावर बाकी आहे त्याला या टंचाईचा लाभ नाही, कारण दुसरा शेतकरी चार पैसे जास्त देऊ लागला तरी आधी ती बाकी आडवी येते. जुन्या मालकाने पहिला शब्द जरूर टाकावा. वर्षभर एका बांधावर राबलेल्या दोघांमध्ये तेवढी आपुलकी असणे उचितच आहे. पण त्या शब्दामागे दुसऱ्याने देऊ केलेल्या रकमेइतकी रक्कम असावी, बाकीचा धाक नसावा. खानदेशातील माझ्या शेतकरी बांधवांना एवढीच विनंती आहे, की येत्या आखाजीला नव्या सालाची गोष्ट काढण्यापूर्वी जुन्या सालाचा हिशेब पुरा करावा, आणि राहिलेली बाकी स्वतंत्र कागदावर, सवडीने फेडायचे कर्ज म्हणून लिहून सालदाराला मोकळे करावे.