नाव तेच, पण नाव तीच का?

सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे अध्ययन करीत असताना थेसियसच्या जहाजाचा प्रश्न आमच्यापुढे प्रथम मांडला गेला, तेव्हा ते एक चतुर कोडे आहे एवढेच आम्हांला वाटले होते. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की, थेसियस ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून क्रीटहून परतला, ते जहाज अथेन्सवासीयांनी कित्येक पिढ्या जपून ठेवले. एखादी फळी कुजली की ती काढायची आणि तिच्या जागी नवी, मजबूत फळी बसवायची. पुढे विचारवंतांत वाद उत्पन्न झाला: सर्वच फळ्या बदलल्यावर हे तेच जहाज म्हणायचे की दुसरे? टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने 1655 साली त्यात आणखी एक गाठ मारून ठेवली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून जहाज उभे केले, तर या दोहोंतले खरे कोणते? परीक्षेत आम्ही ॲरिस्टॉटलचा आधार घेतला, द्रव्य बदलले तरी रूप टिकून आहे असे लिहिले, बरे गुण मिळवले आणि तो विषय विसरून गेलो.

तो पुन्हा भेटला 2018 च्या उन्हाळ्यात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, रजेवर गेलेल्या एका धर्मगुरूंच्या जागी आम्ही सहा आठवडे सेवा केली. ॲडिरोंडॅक डोंगररांगांच्या पायथ्याशी तेथे लेक जॉर्ज नावाचे 32 मैल लांबीचे, अरुंद व नितळ सरोवर आहे. 1646 साली, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या आदल्या दिवशी, फ्रेंच येशूसंघीय संत आयझॅक जोग या काठावर पोहोचले आणि त्यांनी त्याला परमपवित्र साक्रामेंताचे सरोवर असे नाव दिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते रक्तसाक्षी झाले. 1755 मध्ये विल्यम जॉन्सन या इंग्रजांच्या सेनानीने आपल्या राजावरून ते नाव बदलले. संतांच्या काळचे पाणी तर केव्हाच उत्तरेकडील शॅम्प्लेन सरोवरात वाहून गेले. पाणी ते नाही, नावही ते नाही. तरी तेच हे सरोवर, असे मानून आम्ही काठावर उभे राहून संतांचे स्मरण केले. त्यात काही विसंगती आहे असे आमच्या मनातही आले नाही.

त्या सरोवरावर उन्हाळ्यात फायबरग्लासच्या शेकडो बोटी धावतात. पण संध्याकाळच्या सुमारास एखादी जुनी लाकडी मोटरबोट निघाली की काठावरची माणसे बोलणे थांबवून तिच्याकडे पाहतात. लांबट, निमुळती, व्हार्निशच्या कित्येक थरांनी चमकणारी अशी ती तांबूस बोट इंजिनाचा खर्जातला आवाज करीत जाते. अशा बोटींचे वेड या परिसराला जुने आहे. 1922 साली बांधलेल्या ‘एल लगार्तो’ या येथल्या शर्यतीच्या बोटीने 1933, 1934 व 1935 अशी लागोपाठ तीन वर्षे गोल्ड कप जिंकला होता. जुन्या बोटींच्या शौकिनांची ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ ही संस्थाही 1975 साली याच सरोवराच्या काठी जन्माला आली. तिने बोटींचे वर्ग पाडले आहेत: 1918 पर्यंतच्या ऐतिहासिक, 1919 ते 1942 च्या पुरातन, 1943 ते 1975 च्या अभिजात. याखेरीज आणखी एक भेद आहे. डेक आणि दोन्ही बाजूंचे किमान 60 टक्के साहित्य मूळचे असेल, तर ती बोट ‘जतन केलेली’. त्याहून कमी असेल, तर ‘जीर्णोद्धारित’. अथेन्सच्या पंडितांना जो निकाल देता आला नाही, तो या सरळ मनाच्या शौकिनांनी टक्केवारीत देऊन टाकला, हे पाहून आम्हांला हसू आले. त्या हसण्याचा पुढे थोडा पश्चात्तापही झाला.

रविवारच्या मिस्साला नियमित येणारे एक वृद्ध गृहस्थ आम्हांला आपले बोटघर दाखवायला घेऊन गेले. (हे पापनिवेदनातले बोलणे नव्हे, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको. त्यांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहोत.) पाण्यावर बांधलेल्या त्या लाकडी घरात 1938 ची क्रिस-क्राफ्ट मोटरबोट उभी होती. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक गावी ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ यांनी आपल्या पुत्रांसह 1922 साली हा कारखाना उभारला. अशा बोटी श्रीमंतांपुरत्या न राहता मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः याच कारखान्यामुळे. आमच्या यजमानांच्या वडिलांनी ही बोट युद्धानंतर, 1947 मध्ये, जुनी म्हणून विकत घेतली होती. तिच्या इंजिनाच्या झाकणाखाली कारखान्याने कोरलेला क्रमांक त्यांनी आम्हांला बोटाने चाचपून पाहायला लावला. त्या क्रमांकाची मूळ नोंदपत्रिका व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथील सागरी संग्रहालयात आहे. तिची प्रत त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावली होती, आपल्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवतात तशी.

लाकडी बोटीची प्रकृती समजून घेतल्याखेरीज पुढचे कळणार नाही. या बोटींचा तळ दुहेरी फळ्यांचा असे. आतल्या फळ्या तिरप्या, बाहेरच्या लांबीच्या, आणि दोहोंच्या मध्ये चिकट लेपात भिजवलेले कॅनव्हास. सरोवर हिवाळ्यात गोठते, तेव्हा बोट बाहेर काढावी लागते. लाकूड सुकते, आकसते आणि फटी पडतात. वसंतात तिला पाण्यात सोडले की प्रथम ती भराभर पाणी घेते. तिला पट्ट्यांवर तोलून धरायचे, पंप चालू ठेवायचा आणि एकदोन दिवस वाट पाहायची. फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना घट्ट भिडतात आणि गळती आपोआप थांबते. पाण्यापासून वाचवायचे म्हणून कायम कोरडी ठेवलेली बोट ही पाण्यात टिकण्याची शक्तीच गमावून बसते. आणि पाण्यात ठेवली, तर केव्हा ना केव्हा कुजते.

आमच्या यजमानांची बोटही कुजली. तळ गेला, कणा गेला, ओकच्या बरगड्यांपैकी निम्म्या गेल्या आणि शेवटी बाजूच्या फळ्याही गेल्या. चार वर्षे खपून, निवृत्तीच्या पैशातून, एका कुशल सुताराकडून त्यांनी हे सर्व नव्याने करून घेतले. नवा तळ पॉलियुरेथेनच्या लेपाने जोडलेला आहे. त्याला फुगावे लागत नाही व तो थेंबभरही गळत नाही. डेक, इंजिन, सुकाणूचे चाक आणि चकचकीत धातुकाम तेवढे मूळचे. या कारखान्याच्या अनेक बोटींना फिलिपाईन्सचे लाकूड वापरलेले असे. त्याला महोगनी म्हणत असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते महोगनी नव्हेच. नाव आणि वस्तू यांचा गोंधळ असा अगदी मुळापासूनचा आहे.

काढलेल्या फळ्या त्यांनी जाळल्या नव्हत्या. बोटघराच्या कोपऱ्यात त्या रचून ठेवल्या होत्या. हॉब्जचे कोडे प्रत्यक्ष समोर पाहून आम्ही काही पांडित्यपूर्ण बोलणार, एवढ्यात त्यांनी कापडात गुंडाळलेली एक फळी उलगडली. मागच्या आसनाच्या पाठीशी असलेल्या या फळीवर त्यांचे वडील दर वसंतात बोट पाण्यात सोडल्याची तारीख पेन्सिलीने लिहीत. 1947 पासून 1979 पर्यंतच्या तारखा होत्या. खालचे टोक हाताने चुरगळावे इतके कुजलेले. ‘फादर,’ ते म्हणाले, ‘ही माझ्या वडिलांचीच बोट आहे ना? माझा धाकटा भाऊ म्हणतो, मी ती मारून टाकली.’ वडिलांनी बोट दोघा भावांच्या नावे ठेवली होती. फ्लोरिडात राहणारे धाकटे बंधू तीन वर्षांपूर्वी आले, त्यांनी नवी बोट पाहिली, फळी भिंतीवर शोधली, कोपऱ्यात सापडली आणि त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

आम्ही त्यांना ॲरिस्टॉटल सांगितला. बोटीचे रूप, तिचा हेतू आणि अखंड चाललेला सांभाळ हे सर्व टिकून आहे; एका दिवसात सर्व बदलले नाही, कारखान्याचा क्रमांक तोच आहे, म्हणून ही तीच बोट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. प्रदर्शनात परीक्षकांना आपण काय सांगितले, असे विचारता ते म्हणाले, ‘सगळे खरे सांगितले. कार्डावर जीर्णोद्धारित असे लिहिले आहे. मला त्याची लाज नाही.’ त्या क्षेत्रात याला महत्त्व आहे. एखाद्या जुन्या क्रमांकाच्या पट्टीभोवती संपूर्ण नवी बोट बांधून ती जुनी म्हणून विकण्याचा मोह तेथे असतो. फळ्या बदलण्यात असत्य नाही, बदल झाकण्यात आहे. ही कसोटी ते गृहस्थ निर्विवाद उतरले होते. मग भावाचे दुःख कोठून आले?

आमच्या ध्यानात उशिरा आले की, त्यांचा प्रश्न फळ्यांचा नव्हताच. आम्ही विचारले, ‘काम सुरू करण्यापूर्वी धाकट्या भावाला विचारले होते का?’ बराच वेळ पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. ‘तो नको म्हणाला असता,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा: ‘पैसे माझे, चार वर्षे माझी. त्याने एक डॉलर दिला नाही.’

श्रमातून हक्क जन्माला येतो, हा विचार क्षुद्र नव्हे. ज्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो ती त्याची होते, असे जॉन लॉकने प्रतिपादिले आणि कष्टकऱ्यांच्या बाजूने ते आजही मोलाचे आहे. परंतु लॉकचे उदाहरण कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या वस्तूचे आहे. वारशाची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये एका प्रसिद्ध बोटीवरून हाच वाद झाला. डोनाल्ड कॅम्पबेल ‘ब्लूबर्ड के-7’ या बोटीतून वेगाचा विक्रम करू पाहत असता 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन सरोवरावर मृत्युमुखी पडले. 2001 साली बोटीचे अवशेष वर काढण्यात आले. कुटुंबाने ते गावातील रस्किन संग्रहालयाला दिले आणि स्वयंसेवकांच्या एका पथकाने वर्षानुवर्षे खपून बोट पुन्हा धावती केली. 2018 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या त्याच उन्हाळ्यात, ती स्कॉटलंडमधील एका सरोवरावर धावली. मग प्रश्न उठला: नव्याने घडवलेले भाग कुणाचे? तडजोड होऊन बोट कॉनिस्टनला परत यायला 2024 चा मार्च उजाडला. दोन्ही पक्षांचे त्या बोटीवर प्रेम होते, याविषयी आम्हांला शंका नाही. वाद चिघळला तो प्रेमाच्या अभावामुळे नव्हे.

लेक जॉर्जच्या तळाशी, शंभर फुटांहून अधिक खोलीवर, ‘लँड टॉर्टॉइज’ नावाची एक युद्धनौका पडून आहे. 1758 च्या शरद ऋतूत शत्रूच्या हाती लागू नये म्हणून इंग्रज सैन्याने ती मुद्दाम बुडवली. वसंतात वर काढायचा बेत होता, पण ती सापडली नाही. 1990 साली शोध लागला, तेव्हा थंड अंधारात ती जवळजवळ जशीच्या तशी होती. तिला तेथेच राहू दिले आहे. मूळ साहित्याची टक्केवारी मोजायची, तर तिच्यापुढे काठावरची एकही बोट टिकणार नाही. मात्र तिच्यात बसून कुणी मुलांना संध्याकाळी फिरवून आणलेले नाही, आणि तिच्यावरून कुणा भावांत वितुष्टही आलेले नाही.

आम्ही त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले: बोट तीच आहे, ती तुम्ही वाचवलीत आणि तुमचे वडील तुमच्यावर प्रसन्न असतील. परंतु अर्धी बोट भावाची होती. तुम्ही लाकूड बदललेत त्याबद्दल नव्हे, तर त्याच्या नकाराला भिऊन त्याचा शब्दच काढून घेतलात, त्याबद्दल त्याची क्षमा मागितली पाहिजे. तो नको म्हणाला असता, तर कदाचित बोट कुजली असती, हेही आम्ही मान्य केले. यावर ते रागावले. पुढचे दोन रविवार मिस्सा संपताच ते न भेटता निघून गेले. आपण एका पाहुण्या धर्मगुरूच्या मर्यादेबाहेर गेलो की काय, अशी रुखरुख आम्हांला लागून राहिली.

निघण्याच्या आधीच्या संध्याकाळी ते आम्हांला न्यायला आले. काही न बोलता त्यांनी बोट सोडली. डोंगरांच्या सावल्या पाण्यावर उतरल्या होत्या. मधूनमधून ते पायाशी वाकत आणि तळात हात घालून पाणी साचले का ते पाहत. नवा तळ गळत नाही, हे त्यांनीच आम्हांला सांगितले होते. ‘साठ वर्षांची सवय,’ ते म्हणाले. मागच्या आसनाच्या पाठीशी नवी फळी कोरी होती.

परत आल्यावर नाताळात त्यांचे पत्र आले. तारखांची फळी त्यांनी लाकडी पेटीत भरून, सोबत चार ओळी लिहून फ्लोरिडाला पाठवली होती. भाऊ आला नाही. एके रात्री फोन मात्र आला. पेटी पोहोचली, एवढेच तो म्हणाला. मग बराच वेळ दोघेही फोन धरून गप्प राहिले आणि शेवटी त्याने विचारले, पुढच्या वसंतात बोट कोणत्या दिवशी पाण्यात सोडणार आहेस.