गर्व म्हणायचं की अभिमान?

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



मागच्या गुरुपौर्णिमेच्या आधीची गोष्ट. आमच्या इंदूरच्या स्वयंपाक सेवेत एक नवी सून यायला लागली होती. माहेर हिंदीभाषी, सासर तीन पिढ्यांपासून इथलं मराठी. मराठी अगदी मन लावून शिकत होती. एका गुरुवारी आरतीनंतर दोन शब्द बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "मला इथे सेवा करून खूप गर्व होतो." आम्ही सगळ्या खुदकन हसलो. आमच्यातल्या एकीने तिथल्या तिथे दुरुस्तीही केली, "अगं, गर्व नाही म्हणायचं, गर्व वाईट असतो! अभिमान वाटतो म्हण." ती "बरं काकू" म्हणून खाली बसली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दीडशे पानांचा स्वयंपाक होता, पुरण शिजवायचं होतं, आमच्या ते लक्षातही आलं नाही. शेवटी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणते, आई, तिथे सगळ्यांना सगळं येतं. मला बोलायची भीती वाटते."

त्या दिवशी आम्ही गप्पच झालो. मग घरी जाऊन विचार करायला लागलो की हा गर्व म्हणजे काय, अभिमान म्हणजे काय, आणि त्या दिवशी नक्की कोणाकडे काय होतं?

आधी शब्दांचंच बघू. तिचं काही चुकलं नव्हतं. हिंदीत "मुझे गर्व है" हे चांगल्या अर्थानेच म्हणतात, आणि "अभिमान मत करो" असा उपदेश करतात. आपल्या मराठीत बरोबर उलटं: अभिमान चांगला आणि गर्वाचं घर खाली! वडोदऱ्याच्या मंडळींना विचारा, गुजरातीतही गर्व चांगल्या अर्थाने सर्रास चालतो. बेळगावच्या ताई सांगतील की कन्नडमध्ये अभिमान म्हणजे प्रेम, जिव्हाळा; आणि सिनेनटाचे चाहते ते त्याचे "अभिमानी". हैदराबादकडे तेलुगूतही तसंच. आणि मराठीत तरी अभिमान नेहमी चांगला कुठे होता? संतांनी अभिमान सोडायलाच सांगितलं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी आहे, तिच्यात दंभ आणि दर्प यांच्या पंगतीत अभिमान बसलेला आहे.

म्हणजे शब्दावर लेबल लावून काम भागत नाही. डबा उघडून आत काय आहे ते बघावं लागतं. आम्ही आमच्यापुरते असे डबे उघडले:

अभिमान. नातवाने श्लोक पाठ म्हटला, लेकीला नोकरी लागली, आजीच्या हातची पाककृती आपल्या घरात टिकली, की ऊर भरून येतो. यात नजर त्या गोष्टीकडे असते, आणि तिच्याखाली कृतज्ञता असते, की हे आपल्याला मिळालं. दुसऱ्याच्या नातवाने श्लोक म्हटला तरी तो आनंद कमी होत नाही.

गर्व. याला दुसरा माणूस लागतो, आणि तो आपल्यापेक्षा कमी असावा लागतो. "आमच्यासारखं पुरण कोणाला जमत नाही" यातलं पुरण अभिमानाचं, "कोणाला जमत नाही" हा गर्व. एकाच वाक्यात दोघं शेजारी शेजारी बसतात, म्हणून तर फसायला होतं.

ताठा, तोरा, गुर्मी, माज. ही गर्वाचीच लेकरं. वागण्यात दिसतात, त्यामुळे ओळखायला सोपी. लोकच उतरवतात.

दंभ. हा वेगळा. नाही ते आहे असं दाखवणं. पोळ्या दोन लाटल्या आणि स्टेटसला फोटो आठ टाकले! हसू नका, आम्हीही टाकले आहेत. "आम्ही काहीच केलं नाही, सगळं गुरूंनी करून घेतलं" हे वाक्यसुद्धा माइकवरून तीनदा म्हटलं की दंभाकडे झुकतं.

अहंकार. हे सगळ्यांचं मूळ. सांख्य शास्त्रात अहंकार ही शिवी नाही, ते एक तत्त्व आहे. "मी" आणि "माझं" अशी जाणीव जिथून उठते ते. ते असणारच, त्याच्याशिवाय संसारही होणार नाही. पण सेवा करताना "ही माझी जागा" असं वाटायला लागलं, की ते तत्त्व राहत नाही, मालक होऊन बसतं.

आणि स्वाभिमान. इथे मात्र जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. स्वाभिमानाला दुसरा माणूस कमी असावा लागत नाही. त्याला प्रेक्षकही लागत नाहीत. तो फक्त म्हणतो, की या रेषेच्या खाली मी वाकणार नाही. आमच्या ओळखीच्या एक ताई यजमान गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करून घर चालवतात. कोणी मदत म्हणून जास्त पैसे दिले तर उरलेले परत देतात, आणि वर्षातून एकदा अन्नदानाला एकवीस रुपये आठवणीने आणून देतात. याला अहंकार म्हणायचं? आम्ही तरी म्हणणार नाही.

आपल्या घराघरांत मात्र हे होतं. सुनेने म्हटलं, "चारचौघांत माझ्या माहेराबद्दल बोलू नका," की लगेच आपण म्हणतो, "किती हा अहंकार! साधनेत आहेस ना, मग सोड." तिने मागितला होता साधा मान, आणि आपण तिला दिला उपदेश. अन्याय गिळणं म्हणजे नम्रता नव्हे, आणि दुसऱ्याला गिळायला लावणं ही तर साधना मुळीच नव्हे. अहंकार हा शब्द स्वतःला विचारण्यासाठी आहे, दुसऱ्याला ऐकवण्यासाठी नाही.

आम्हा इंदूरकरांना दूर जायला नको. अहिल्याबाईंच्या हुकमांवर स्वतःचं नाव नसे, "श्री शंकर" असे. एका पंडिताने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी तो नर्मदेत सोडायला लावला, अशी आठवण सांगतात. म्हणजे गर्व नव्हता. पण राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले तेव्हा त्याच बाई म्हणाल्या नाहीत की आम्ही काय, अबला, घ्या राज्य. बायकांच्या फौजेशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर हसं होईल, अशा अर्थाचा निरोप त्यांनी पाठवला आणि लढायची तयारी ठेवली. हा स्वाभिमान. दोन्ही एकाच माणसात. नावाची हाव नाही, पण जबाबदारीवरून माघारही नाही.

आता पुन्हा त्या गुरुवारकडे. ती सून "गर्व" म्हणाली तेव्हा तिच्या मनात कोणीच कमी नव्हतं. फक्त आनंद होता, की मला इथे घेतलं. आम्ही "अभिमान" म्हणालो, अगदी शुद्ध मराठीत, पण आमच्या हसण्यात एक माणूस कमी ठरला होता. सतरा वर्षं सेवा केली याचा आम्हाला अभिमान होता. तो कधी "आमचं स्वयंपाकघर" होऊन बसला, कळलंही नाही.

आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. जाताना पाय जड होते, खरं सांगतो. वयाने लहान असलेल्या मुलीची माफी मागायची म्हणजे काय, ते दाराशी कळतं. वाटेत आमच्यातच बोलणं झालं होतं, "सहज आलो असं म्हणू, विषय नको काढायला." पण चहा आला आणि जिने दुरुस्ती केली होती तिनेच म्हटलं, "त्या दिवशी आम्ही हसलो, ते चुकलं ग." ती "नाही नाही काकू" म्हणत उठली, डोळे भरले होते. आता ती येते. दर गुरुवारी नाही येत, आणि सगळ्यांसमोर बोलायला अजून उठत नाही. ते आम्ही मोडलेलं आहे, जुळायला वेळ लागणार.

या आठवड्यात एवढंच करून बघू या. संध्याकाळी दिवा लावला की स्वतःला विचारायचं: आज मला ज्याचा आनंद वाटला, त्यासाठी कोणी कमी असण्याची गरज होती का? "होती" असं उत्तर आलं, तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी एक फोन करायचा.

आणि आपल्या गावाकडे गर्व, अभिमान कुठल्या अर्थाने म्हणतात, ते समूहात जरूर कळवा. चुकलं कोणाचं तर हसायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं आहे.

चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्याच,
स्वयंपाक सेवेतल्या भगिनी, इंदूर