अंगणांत आणलेला ऑर्गन

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, अशी एक समजूत आहे. यंत्राला पक्षपात नसतो, समोर असेल तेंच कांचेवर उमटतें, हें तिचें समर्थन. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानच्या कस्टर जिल्ह्यांत सॉलोमन बुचर यानें १८८६ पासून घेतलेलीं चित्रें पाहतांना मात्र हें समर्थन अपुरें वाटूं लागतें.

त्याच सालीं तेथील ब्रोकन बो गांवीं आगगाडी आली. सभोंवार कोसच्या कोस गवत. झाड औषधालाही दुर्मिळ. १८६२ च्या कायद्यानें वस्ती करून जमीन कसणारास १६० एकर जवळजवळ फुकट मिळत; पण घराला लांकूड कोठून आणावें? मग मुळांसकट मातीच्या वड्या नांगरानें कापून त्यांच्याच भिंती रचीत. पावसांत छप्पर गळे, आणि पाऊस थांबला तरी चिखलाचें पाणी ठिबकतच राही.

बुचर गाडी घेऊन अशा घरांपुढें जाई व सर्व संसार बाहेर मांडून चित्र घेई. 'मांडून' हा शब्द मी मुद्दाम योजतों. गुरें, घोडे, कापलेलें कलिंगड, सारें अंगणांत येई. एका गृहिणीनें तर घरांतला ऑर्गन ओढून बाहेर आणविला. (आपल्या संगीत रंगभूमीमुळें हें धूड किती जड असतें, तें वाचकांस ठाऊक आहेच.) पूर्वेकडील आप्तेष्टांस ऑर्गन दिसावा, मातीचें घर दिसूं नये, अशी तिची इच्छा होती. चित्रांत घर नाहींच.

ही बाई खोटें बोलली काय? नीतीचे कडक परीक्षक म्हणतील, दडविलें तें असत्यच. मला हें पटत नाहीं. ऑर्गन तिचाच होता, आणि आपल्या दारिद्र्याची वार्ता कोणास द्यावी हें ठरविण्याचा हक्क दरिद्री माणसासही असतो. पत्रांत आपण तरी सगळें कर्ज कोठें लिहितों? मात्र तें चित्र पाहून एखादा भाऊ पूर्वेकडचें घरदार विकून तेथें येऊं निघाला, आणि तरीही ती गप्प राहिली, तर माझा निवाडा बदलेल. तोंपर्यंत ती केवळ अब्रू राखीत होती.

बुचरची गोष्ट निराळी. खराब झालेल्या कांचेवर तो पक्षीही चितारी. तें हास्यास्पद, फारसें घातक नव्हे. पण एका कुरणवाल्याचें कुंपण वस्तीकऱ्यांनीं १८८५ सालीं तोडलें, तो प्रसंग त्यानें मागाहून माणसें उभीं करून टिपला. तेथें पाहणारा खरोखर फसतो. समोर साक्षीदार आहेत कीं नट, हें चित्र सांगत नाहीं.

तथापि सर्वांत मोठी दिशाभूल ज्या चित्रांत कांहींच बनावट नाहीं त्यांनीं केली आहे. ब्रोकन बो म्हणजे मोडकें धनुष्य. मूलनिवासींच्या जुन्या तळावर तसें एक सांपडलें, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. ज्या पॉनी लोकांच्या शिकारीच्या वाटा या मैदानांतून जात, त्यांना १८७० नंतरच्या कांहीं वर्षांत दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमांत, हलविण्यांत आलें होतें. बुचर आला तेव्हां मैदान रिकामें होतें, आणि यंत्रानें तें इमानानें रिकामेंच दाखविलें. येथें पूर्वीं कोणी नव्हतें, असें म्हणण्याचें कोणाला कारणच पडलें नाहीं.

१८९९ सालीं बुचरचें घर जळालें. कांचा वाचल्या, आणि पुढें नेब्रास्काच्या इतिहास-संस्थेनें त्या जतन केल्या. ऑर्गनवालीचें घर मातीचें होतें हें आज कळतें, कारण ती हकीकत कोणी तरी लिहून ठेविली. धनुष्य कोणाचें होतें, याविषयीं मात्र त्या तीन हजारांवर कांचा कांहीं सांगत नाहींत.