मायना कुणाला?

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीची मी तीन वर्षं सेक्रेटरी आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीला पत्र द्यायचं होतं. यजमानांच्या नावचं शेअर सर्टिफिकेट नॉमिनी म्हणून तिच्या नावे करायचं, त्यासाठी अर्ज आणि मृत्यूचा दाखला आणून द्यावा, एवढाच मजकूर. जुन्या पत्रात तिच्या नावापुढे ‘सौ.’ होतं. ते खोडलं आणि हात थांबला. कमिटीतले काका म्हणाले, “गं. भा. लिही. आपल्याकडे तोच मायना आहे.”

काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. गंगा भागीरथी, नदीसारखी पवित्र, हा त्यांचा भाव. आपण नाशिककर तर गोदावरीलाच गंगा म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की रामकुंडाकडे निघालो हे घरात सगळ्यांना कळतं. शेजारणीच्या यजमानांच्या अस्थी तिथंच विसर्जित केल्या. पण काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, तरी काकांच्या पत्रावर तेव्हा ‘श्री.’ होतं, आजही ‘श्री.’च आहे. त्यांना कुणी नदीचं नाव लावलं नाही. मरण दोन्ही घरांत आलं आणि खूण मात्र एकाच्याच नावावर उमटली.

एप्रिल २०२३ मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’ वापरण्याची सूचना पुढे आणली, तेव्हा राज्यभर टीका झाली. ती योग्यच होती. खूण तीच ठेवून तिला नुसतं गोड नाव द्यायचं, यानं काय साधणार होतं?

‘स. न. वि. वि.’ ही अक्षरं आपण सवयीनं लिहून मोकळे होतो. त्यातला ‘न’ नमस्काराचा आहे. समोरच्यातल्या देवाला हात जोडायचे, हे मला लहानपणी शिकवलं. मग त्या देवाचं कुंकू आहे की गेलं, हे आधी बघून का जोडायचे?

ज्ञानदेवांना पत्र लिहिताना चांगदेवही मायन्याच्याच ओळीवर अडकले होते. ज्ञानदेव वयानं लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं थोर. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वयानं लहान. शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला, अशी कथा आहे. चौदाशे वर्षं जगूनही कोराच राहिला, असं मुक्ताई म्हणाल्याचं सांगतात. उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्यांत चांगदेवांना ते वटेश्वराचा पुत्र म्हणतात आणि कापराच्या कणाचा दाखला देतात. कण केवढाही असो, कापूरच. लहानथोर ठरवण्याचा प्रश्नच तिथं उरत नाही. माझ्या मते आपल्या भाषेतला सगळ्यात खरा मायना तो आहे.

मला ओव्या येत नाहीत, पत्र तर द्यायचंच होतं. ‘श्रीमती’ लिहावं, तर आपल्याकडे तोही शब्द नवरा गेलेल्या बाईचाच धरतात. वास्तविक तो ‘श्रीमान’चं स्त्रीरूप. म्हणून मी मासिक सभेत ठराव मांडला की सोसायटीच्या कागदांवर सगळ्याच बायकांच्या नावापुढे ‘श्रीमती’ लागेल. सासूबाईंना ते अशुभ वाटलं. त्यांची भीती मला कळते, म्हणून त्यांच्याजवळ बसून मी शब्दाचा अर्थ समजावला. काकांनी ठरावाला अनुमोदन दिलं.

या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलांवर शेजारणीच्या नावापुढे ‘श्रीमती’ आहे आणि माझ्याही. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या.