नवे स्वयंपाकघर कोणासाठी?



गेल्या वर्षी आम्ही धर्मगुरुनिवासाचे स्वयंपाकघर नव्याने बांधून घेतले. चिमणी, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सारे दुकानात जाऊन पसंत केले. वीज किती लागते, हमी किती वर्षांची, सगळे विचारले. रांधणाऱ्या मावशींना मात्र काहीच विचारले नाही. मायक्रोवेव्ह बसवला वरच्या फळीवर. पाटावर चढून, कालवणाचे गरम भांडे डोक्यावरून उतरवताना मावशी दिसल्या, तेव्हा आम्ही ओशाळलो.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली एका पुस्तकात दाखवून दिले, की घरोघरी यंत्रे आली तरी गृहिणीच्या कामाचे तास फारसे घटले नाहीत. धुण्याचे यंत्र आले, तसे कपडेही अधिक वेळा धुतले जाऊ लागले. पूर्वी पुरुष व मुले जी कामे करीत, त्यांतली अनेक तिच्याच अंगावर आली. कष्ट हलके झाले, पण वाचलेला वेळ तिला मिळाला नाही.

यंत्र हे साधन आहे. साध्य आहे माणूस. म्हणून 'कोणते यंत्र चांगले?' याआधी विचारायला हवे, 'त्यापुढे कोण उभे राहणार? वाचलेला तास कोणाचा?' घरातल्या बाईला विचारून घेतलेली साधी शेगडी, न विचारता आणलेल्या महागड्या ओव्हनपेक्षा न्याय्य ठरते.

आमचा मायक्रोवेव्ह आता ओट्यावर आला आहे. जेवणानंतर आपापली ताटे घासायलाही आम्ही शिकत आहोत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू