दुर्गंध कोणाचा?

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्यासारख्या गावात हलके धान घरात येऊ लागते आणि धानामागोमाग उंदीरही येतात. चार दिवसांत कोपऱ्यात उग्र दर्प सुटतो. घरची माणसे नाके मुरडतात. उंदराला मात्र तो दर्प आमंत्रणासारखा वाटतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. नर उंदराच्या मुतात ट्रायमिथिलअमाइन नावाचे द्रव्य असते. समुद्रातली मासळी शिळी झाली की जो वास सुटतो, तो मुख्यतः याच द्रव्याचा. वास ओळखणाऱ्या जनुकांचे मोठे घराणे लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ साली उजेडात आणले व २००४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. २००६ साली बक आणि लिबर्लिस यांना आणखी एक धाकटे घराणे गवसले. त्यातलेच एक जनुक ‘टार-५’. २०१३ साली असे दिसले की, हे एक जनुक काढून घेतले की उंदराची त्या वासाची ओढच नाहीशी होते. त्याच्याच कुळातला थोरला उंदीर मात्र त्या वासापासून दूर सरतो. आपल्यातही हे जनुक आहे. २०२० साली आइसलंडमध्ये आढळले की, ज्यांच्यात त्याचे रूप थोडे निराळे आहे, त्यांना मासळीचा तो वास तितका वाईट वाटत नाही. काहींना तर त्यात गुलाब भासला!

मग दुर्गंध राहतो कोठे? द्रव्यात खासच नाही. तो द्रव्य आणि नाक यांच्या गाठीतून उपजतो. आणि नाक तर ज्याचे त्याने निवडलेले नसते.

येथवर कोणाचाच दोष नाही. परंतु शहरात खोली शोधणाऱ्या मुलाला घरमालक विचारतात, “सुकट-बोंबील करता का?” आणि होकार ऐकताच खोली नसते. वास न सोसणे हे नाकाचे काम. तो वास शिजवणाऱ्याला हलका ठरवणे हे नाकाचे काम नव्हे. तसे ठरवणारे जनुक कोणी दाखवलेले नाही. ते आपण लहानपणी वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवरून शिकतो, आणि शिकलेल्याचा जाब माणसाला द्यावाच लागतो.

शेजारचा वास सोसवेना, तर खिडकी खुशाल ओढून घ्यावी. दार लावण्यापूर्वी मात्र घटकाभर थांबावे. मुले आपल्या तोंडाकडे पाहत असतात.