खाणीचा धनी कोण?

हिऱ्याच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. आधी मुंबईत ऑपेरा हाऊसला, मग वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि नंतर बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबरोनीला. तिथल्या पोरापोरींना मी रफ, म्हणजे न घडवलेले हिरे, पारखायला शिकवत असे. त्यामुळे जमिनीखालच्या धनाचा धनी कोण, हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही.

1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा बोत्स्वाना जगातल्या अगदी गरीब देशांत मोडत होता. वर्षभरात ओरापाला हिरे सापडले. ओरापा बामान्ग्वातो जमातीच्या मुलखातलं, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या गादीचे वारस. मागितला असता तर हिरा त्यांच्या माणसांना मिळाला असता. पण 1967 च्या कायद्यानं खनिजांचे हक्क जमातींकडून सरकारकडे आले. ज्याच्या रानात सापडेल त्याचा हिरा नव्हे, सगळ्या देशाचा. या निर्णयाला सगळे अर्थकारण म्हणतात. मी त्याला धर्म म्हणते. धन आपलं नव्हे, दुसऱ्यांसाठी सांभाळायचं, ही विश्वस्ताची कल्पना गांधीजींनी धनवंतांच्या मनाला आवाहन म्हणून मांडली होती. इथे एका राजकुळातल्या माणसानं ती कायद्यात बसवली.

त्याचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं. ज्वानेंगच्या हिऱ्यांच्या खाणीचा पैसा शाळांत, रस्त्यांत, दवाखान्यांत गेला. एड्सनं तो देश पोखरला होता, तेव्हा 2002 पासून सरकारनं औषधं फुकट द्यायला घेतली. आफ्रिकेत हे सर्वांत आधी तिथे झालं. माझ्या टेबलावर शिकणाऱ्या एका मुलीची आई त्या गोळ्यांवर जगली. हिरा म्हणजे निव्वळ मिरवण्याची चीज, असं त्यानंतर मला कधी म्हणवलं नाही.

आणि तरीही मला सान लोकांबद्दल, कलहारीच्या मूळ रहिवाशांबद्दल, बोलावंच लागतं. कलहारीच्या मध्यावरचं अभयारण्य 1961 साली झालं, तेव्हा सान तिथे राहणार हे गृहीतच होतं. 1997 मध्ये आणि पुन्हा 2002 मध्ये त्यांना बाहेर काढून न्यू कादेसारख्या वस्त्यांत नेलं. मोथोमेलोची कूपनलिका बंद केली. हिऱ्यांसाठी हलवलं, हा आरोप सरकारनं नाकारला. 2014 साली त्याच अभयारण्यात गाघूला खाण उघडली. त्याआधी, 2006 साली, उच्च न्यायालयानं हकालपट्टी बेकायदा ठरवली, पण पाण्याचा हक्क मिळायला 2011 उजाडलं. पुढे एका सान वृद्धाचा मृतदेह शवागारात जवळजवळ तीन वर्षं पडून राहिला. त्याला वाडवडिलांच्या मातीत पुरायचं की नाही, यावर कोर्टात वाद चालला होता. 2024 च्या अखेरीस, नवं सरकार आल्यावर, त्याचं दफन झालं.

माझे विद्यार्थी यावर तळमळीनं भांडत. "मॅडम, त्यांच्या मुलांनी शाळेत जायचं नाही का? आजारी पडली तर वाळूतच मरायचं?" प्रश्न खरा आहे. रानातलं जिणं सुंदर असतं असं शहरात बसून म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. पण शाळा दाराशी नेणं वेगळं आणि माणूस शाळेपाशी यावा म्हणून त्याचं पाणी तोडणं वेगळं. पहिल्यात दान आहे. दुसऱ्यात विश्वस्त मालक झालेला असतो, आणि तरी तोंडात "तुमच्या भल्यासाठी" हेच शब्द असतात. ज्याच्या नावानं धन सांभाळायचं त्याला नाही म्हणता येत नसेल, तर ते धन त्याचं कसं? खामांनी जमातींचा हक्क काढून घेतला तेव्हा त्यांची स्वतःची जमातही त्यात होती. स्वतःचं सोडून मग दुसऱ्याकडे मागितलं. सानांकडे मागणाऱ्यांनी स्वतःचं काय सोडलं होतं?

आता तिजोरीच आटते आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले. त्यातले कितीतरी आमच्या सुरतेत तयार होतात, म्हणजे यात आपलाही हात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये औषधांच्या तुटवड्यापायी बोत्स्वानात सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर झाली. न्यू कादेच्या दवाखान्यात गोळ्या पोचतात का, हे मी जुन्या विद्यार्थ्यांना दर फोनला विचारते. गॅबरोनीत राहून त्यांना ते ठाऊक नसतं. मी म्हणते, चौकशी करा, तो हिरा सानांचाही होता.